शिबिर संपतं, बीपी संपत नाही

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी साठीच्या एका मावशींना त्यांचा मुलगा मोटारसायकलवर मधे धरून दवाखान्यात घेऊन आला. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नव्हता, बोललेलं कळत नव्हतं. बीपी मोजलं, 210/120. मी विचारलं, "आईला बीपीचा त्रास होता का?"

मुलगा म्हणाला, "होता की सर. पण बरा झाला. शिबिरात गोळ्या दिल्या होत्या, समद्या खाल्ल्या तिनं."

पिशवीतून त्यानं जपून ठेवलेलं एक कार्ड काढलं. वर मोठ्या अक्षरात 'मोफत महाआरोग्य शिबिर', खाली मावशींचं नाव, वय, बीपी 170/100, ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, रोज एक, दहा दिवस. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. पुन्हा कधी दाखवायचं, कुठं दाखवायचं, यातलं काहीही नाही. खाली एक सही. सहीखाली डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही.

मावशींना 108 ने लातूरला पाठवलं. त्या वाचल्या. पण उजव्या हातानं भाकरी थापणं आता त्यांना जमत नाही.

मावशींची चूक काय? दिलेल्या दहाच्या दहा गोळ्या त्यांनी वेळेवर घेतल्या. तापाच्या गोळ्या संपल्या की ताप गेलेला असतो, तसं बीपीचंही असणार, असं त्यांना वाटलं. अकरावी गोळी कुठून आणायची, आणि ती आणायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आजचा लेख या अकराव्या गोळीबद्दल आहे. काही जणांना तो आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

मंडप, फ्लेक्स आणि पांढरे ॲप्रन

शिबिर कसं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर मंडप पडतो. फ्लेक्सवर पंधरा जणांचे फोटो असतात, त्यात डॉक्टर शेवटच्या ओळीत. सकाळी उद्घाटन, सत्कार, भाषणं. साडेअकराला तपासणी सुरू होते आणि दोनला जेवणाची वेळ होते. मधल्या अडीच तासांत तीनशे-चारशे लोक तपासले जातात. अडीच तास म्हणजे दीडशे मिनिटं. टेबलं चार असली तरी एका माणसाच्या वाट्याला दीड-दोन मिनिटं येतात. त्यात नाव लिहायचं, बीपी बघायचं, तक्रार ऐकायची आणि गोळ्याही द्यायच्या.

टेबलांमागे मुलं-मुली बसलेली असतात. गळ्यात स्टेथोस्कोप, अंगात पांढरा ॲप्रन. कुणी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला, कुणी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या तिसऱ्या वर्षाला, कुणी नर्सिंगला. गावकरी त्यांना 'डॉक्टर' म्हणतात. ती मुलंही हळूहळू नाही म्हणायचं सोडून देतात.

या मुलांवर माझा राग नाही. ती आपलीच आहेत. लातूरला क्लास लावून, घरच्यांनी शेत गहाण टाकून शिकवलेली. रविवारची सुट्टी सोडून खेड्यात येणारं पोर वाईट असूच शकत नाही. मीही त्यातलाच होतो. विद्यार्थी असताना अशाच एका शिबिरात मी दिवसभर गुडघेदुखीच्या लोकांना डायक्लोफिनॅकच्या गोळ्या वाटल्या. कुणाला पोटात अल्सर आहे का, किडनीचा त्रास आहे का, बीपी आहे का, एकालाही विचारलं नाही. विचारायचं असतं, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी गाडीत बसताना मात्र आपण मोठी सेवा केली, असं वाटत होतं. त्या गावात मी पुन्हा कधी गेलो नाही. माझ्या गोळ्यांनी कुणाला रक्ताची उलटी झाली का, हे मला आजही माहीत नाही.

तेव्हा हा राग त्या पद्धतीवर आहे, आणि थोडासा स्वतःवर.

एका दिवसात काय कळतं?

आधी शास्त्र समजून घेऊ.

बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त असेल तर आपण त्याला उच्च रक्तदाब म्हणतो. पण एकदा मोजून नव्हे. वेगवेगळ्या दिवशी, किमान दोनदा तो वाढलेला सापडला पाहिजे. मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसलेला हवा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी नको. पाय जमिनीवर टेकलेले, हात काळजाच्या पातळीवर, आणि मोजताना बोलायचं नाही. आता सांगा, तासभर उन्हात रांगेत उभा राहिलेला, समोर बसताक्षणी बाहीवर पट्टा बांधलेला माणूस यातलं काय पाळू शकतो? त्याचं बीपी उगाच वाढलेलं दिसू शकतं. ज्याला आजार नाही त्याला गोळ्या लागतात, आणि ज्याला खरंच आहे तो दहा दिवसांनी 'बरा' होतो.

(याला अपवाद एकच. बीपी 180/120 च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं असं काही असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. लगेच मोठा दवाखाना गाठायचा. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.)

साखरेचंही तसंच. शिबिरात बोटाला सुई टोचून जी तपासतात ती चाचणी चाळणीसारखी असते. त्यावरून संशय घ्यायचा असतो, निकाल द्यायचा नसतो. उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी 6.5 किंवा जास्त आली, आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच आलं, तर मधुमेह म्हणायचं. पण आपल्याकडे शिबिरात 160 आली म्हणून रडत आलेले लोक मी बघितलेत. ते नाश्ता करून, चहा पिऊन गेले होते. आणि 'नॉर्मल' आली म्हणून निश्चिंत राहून दोन वर्षांनी पायाची जखम घेऊन आलेलेही बघितलेत.

बीपी आणि शुगर हे शेतीसारखे आजार आहेत. एक दिवस पेरून पीक येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बघावं लागतं, डोस कमी-जास्त करावा लागतो, पाय, डोळे, किडनी तपासावी लागते. जो माणूस परत येणार नाही, त्यानं हे काम सुरू करणं म्हणजे पेरून निघून जाणं.

विद्यार्थी म्हणजे डॉक्टर नव्हे

हे कडू वाटेल, पण स्पष्ट बोलतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसानं ॲलोपॅथीचे उपचार करणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विद्यार्थ्याकडे नोंदणी नसते. तो शिकू शकतो, नोंदणीकृत डॉक्टरच्या नजरेखाली तपासू शकतो. स्वतःच्या मनानं गोळी लिहू शकत नाही. मंडपात मात्र चार टेबलांवर विद्यार्थी आणि स्टेजवर एक डॉक्टर, आणि ते डॉक्टर पाहुण्यांशी बोलण्यात गुंतलेले, हे दृश्य नेहमीचं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिका-युरोपातले विद्यार्थी सुट्टीत आफ्रिकेतल्या आणि मध्य अमेरिकेतल्या गरीब देशांत जाऊन असंच काम करतात. तिकडं त्याच्या सहलीच विकल्या जातात. आपल्या देशात ज्या मुलाला साधा टाका घालू देत नाहीत, तो तिथं जाऊन बाळंतपणाला हात लावतो. हे इतकं वाढलं की अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं 2011 साली विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं सार साधं आहे: जे काम तुम्हाला घरी करायची परवानगी नाही, ते परक्या देशातल्या गरिबावरही करायचं नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर, जे काम लातूरच्या वॉर्डात तुम्हाला एकट्यानं करू देत नाहीत, ते चापोलीच्या किंवा नळेगावच्या शाळेत करायचं नाही. खेड्यातल्या माणसाचं शरीर सरावासाठी नाही.

कुणी म्हणेल, मग पक्के डॉक्टर आणले की झालं. तेवढ्यानंही होत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात कुटुंबनियोजनाच्या एका शिबिरात एका दिवसात, काही तासांच्या आत, 83 बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. तिथं विद्यार्थी नव्हते, अनुभवी सर्जन होते. त्या शिबिरांनंतर तेरा बायका दगावल्या. त्यानंतर 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. म्हणजे दोष फक्त कोण तपासतं यात नाही. आकडा मोठा करण्याची घाई आणि नंतर विचारायला कुणी नसणं, यात तो आहे.

मग हे कुणी नीट केलंय का?

केलंय, आणि आपल्याच महाराष्ट्रात केलंय.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगाव गोळ्या वाटत फिरण्याऐवजी गावातल्याच बायका निवडायला लावल्या. त्यातल्या बऱ्याच निरक्षर, अनेक दलित घरांतल्या. त्यांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, जुलाब लागले तर मीठ-साखर-पाणी द्यायचं, गरोदर बाई तपासायची, कुष्ठरोग आणि क्षयरोग ओळखायचा. डॉक्टर येतो आणि जातो, बाई गावातच राहते. 1971 मध्ये त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या दोन-तीन दशकांत तो आकडा 30 च्या खाली आला. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशोदेशीचे विद्यार्थी आजही जामखेडला जातात, पण शिकायला जातात. आणि शिकवणाऱ्यांत त्या गावातल्या बायकाही असतात. नातं कसं उलटं झालं बघा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. बाळ जन्मल्यावर त्या पुन्हा पुन्हा घरी जायच्या, वजन बघायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, आणि 1999 साली ते 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. आज तुमच्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा-सात वेळा येते ना? त्या कामाची मुळं तिथं आहेत. एकदा येऊन फोटो काढला असता तर बाळं वाचली नसती.

आणि आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण. तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभं केलेलं. त्याची सुरुवात औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटातून झाली. म्हणजे तीही विद्यार्थी स्वयंसेवकांचीच गोष्ट. फरक एवढाच की ही पोरं डॉक्टर झाल्यावर खेड्यात येऊन राहिली. त्यांनी गावातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं, आणि काम पिढीभर चालू ठेवलं.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट सारखी आहे: परत येणं, किंवा कायम तिथं असणाऱ्या माणसाला शिकवणं.

विद्यार्थ्यांनी काय करावं?

त्यांच्यासाठी खूप काम आहे, आणि त्यातलं बरंचसं गोळ्या लिहिण्यापेक्षा मोलाचं आहे.

2022 साली एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'कुटुंब दत्तक कार्यक्रम' आला. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्यानं खेड्यातली किमान तीन कुटुंबं घ्यायची आणि पुढची काही वर्षं त्यांच्याकडे जात राहायचं. दीडशे मुलांची एक तुकडी धरली तरी साडेचारशे घरं झाली. कल्पना करा, साडेचारशे घरांत कुणीतरी दर काही महिन्यांनी येऊन विचारतंय, "आजी, बीपीची गोळी चालू आहे ना? स्ट्रिप दाखवा बरं." मावशींच्या घरी असं एक पोरगं आलं असतं, तर त्यांचा हात आज चालत असता.

पण हाही कार्यक्रम फॉर्म भरण्यापुरता उरू शकतो. बस येते, मुलं उतरतात, आधार कार्डाचा आणि दारासमोरचा फोटो काढतात, बस जाते. तसं होऊ द्यायचं की नाही, हे थोडं तुमच्याही हातात आहे. दारात आलेल्या मुलाला चहा द्या, आणि पुढच्या वेळी कधी येणार ते विचारा. आला नाही तर सरपंचांना सांगा, त्याच्या कॉलेजला कळवायला लावा.

संकटाची गोष्ट वेगळी, हेही मान्य करतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अशा वेळी ढिगारा उपसणारा, स्ट्रेचर उचलणारा, पाणी पाजणारा प्रत्येक हात लागतो, तिथं कुणी पदवी विचारत नाही. पण बीपी हा भूकंप नाही. त्याला एका दिवसाची धावपळ नको, वर्षानुवर्षांची सोबत हवी.

"पण डॉक्टर..."

"फुकट मिळतंय, त्यात वाईट काय?" फुकट म्हणजे बिनधोक असं नाही. डायक्लोफिनॅक किडनीला आणि पोटाला बाधू शकतं, बीपी वाढवू शकतं. गुडघेदुखीला 'जादूसारख्या' लागू पडणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असेल तर साखर वाढते. किंमत तुम्हीच देता, फक्त नंतर.

"आमच्याकडे एरवी कुणी येतच नाही, एक दिवस तरी येतात." हे खरं दुखणं आहे, आणि ते शिबिरानं झाकलं जातं. उपकेंद्राला कुलूप का, प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या का मिळत नाहीत, हे प्रश्न मंडपाच्या सावलीत विसरले जातात. शिबिर झालं की नेत्याचं काम झालं. वर्षातून एक दिवसाच्या मोठ्या मंडपापेक्षा रोज उघडणारं लहान उपकेंद्र मागा.

"तुमचा धंदा बुडतो म्हणून बोलता." उलट आहे. अर्धवट उपचार झालेला पेशंट शेवटी आमच्याकडेच येतो, आणि त्याचा खर्च जास्त होतो. बीपीची साधी गोळी तुम्ही माझ्याकडे न येता सरकारी दवाखान्यातून आणा, मला आनंदच आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपलं चाकूरचं ग्रामीण रुग्णालय त्यातच येतं.

गावात शिबिर येणार असेल तर

मंडप टाकायच्या आधी, ग्रामपंचायतीत बसून, आयोजकांना हे सहा प्रश्न विचारा:

1. तपासणारे नोंदणीकृत डॉक्टर किती, विद्यार्थी किती? विद्यार्थ्यांच्या छातीवर 'विद्यार्थी' असा बिल्ला असेल का?
2. कार्डावर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक असेल का?
3. ज्यांचं बीपी किंवा साखर जास्त निघेल, त्यांची यादी आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी देणार का?
4. कार्डावर पुढची तारीख आणि ठिकाण लिहिणार का?
5. महिन्याभरानं तुमच्यापैकी कोण परत येणार? त्याचा फोन नंबर?
6. कुणाला शस्त्रक्रिया सांगितली, तर ती कुठल्या रुग्णालयात होणार आणि नंतरची तपासणी कोण करणार?

यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आयोजकांना नम्रपणे सांगा: या, पण औषधं वाटू नका. बीपी मोजा, साखर बघा, यादी करा, तंबाखू सोडण्याबद्दल बोला, आणि लोकांना सरकारी दवाखान्याची वाट दाखवा. एवढं नीट केलं तरी ते शिबिर चांगलं म्हणायचं.

आणि शिबिरातून आधीच गोळ्या घेऊन आला असाल, तर एक काम आजच करा. ती स्ट्रिप आणि कार्ड शोधा. बीपीची किंवा साखरेची गोळी असेल आणि ती संपली असेल किंवा संपत आली असेल, तर या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे ती घेऊन जा. बरं वाटतंय म्हणून थांबू नका. बीपी वाढलेलं असतानाही बहुतेकांना बरंच वाटत असतं.

मावशी आता दर महिन्याला येतात. मुलगा आणतो. डाव्या हातानं पिशवीतून स्ट्रिप काढतात आणि टेबलावर ठेवतात. किती गोळ्या उरल्यात, ते त्या मला विचारायच्या आधी सांगतात.